ग्राफिक डिझाइनला प्रवेश घेण्याआधी मंडळाचे पावतीपुस्तक करून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : "पोराचा हात चांगला आहे, ग्राफिक डिझायनिंगला घालू का?" वर्तमानपत्रांच्या करिअर पानांवर या क्षेत्राला एक चौकट मिळते. तिच्यात सॉफ्टवेअरची नावे असतात, अभ्यासक्रमाची मुदत असते आणि 'सर्जनशील मुलांसाठी उत्तम संधी' असे एक वाक्य असते. छपाई, पॅकेजिंग, पुस्तकांची मांडणी आणि मोबाइल ॲप या कामांत असलेले आम्ही काही वाचक हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहोत, कारण मुख्य गोष्ट त्या चौकटीत कधी येतच नाही. या एका नावाखाली आठ-दहा निरनिराळी कामे चालतात, आणि त्यातल्या एका कामाला जो स्वभाव लागतो तोच दुसऱ्या कामात आडवा येतो. आपले मूल कोणत्या कामाचे आहे हे फी भरण्याआधी, घरच्या घरी, जवळजवळ फुकटात पाहता येते.

'हात चांगला' म्हणजे बहुतेक वेळा मूल व्यक्तिचित्र हुबेहूब काढते, रांगोळी सुरेख घालते. पुस्तकांतली चित्रे काढणाऱ्याला ही देणगी मोलाची आहे. पण औषधाचे खोके रचणाऱ्याला किंवा ॲपचे पडदे आखणाऱ्याला ती महिनोन्‌महिने लागत नाही. ज्याला चित्रकलेत कधी बक्षीस मिळाले नाही, पण ज्याच्या वहीचे समास सरळ असतात आणि भिंतीवरची तिरकी तसबीर नीट केल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा मुलगा या व्यवसायात पुष्कळ पुढे जाऊ शकतो. दुसरी समजूत अबोल मुलांबद्दलची. माणसांत मिसळत नाही, तर संगणकासमोरचे काम बरे, असे पालक धरून चालतात. बोधचिन्ह आणि ब्रँडच्या कामात निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. मालक, त्याचा भाऊ, त्याची शिकलेली सून, सगळ्यांची मते ऐकायची, आपली बाजू शांतपणे मांडायची, तीन नमुने दाखवायचे आणि तिन्ही नाकारले गेले तरी दुसऱ्या दिवशी चौथा घेऊन जायचे. अबोल मुलगी तिथे घुसमटेल. तीच मुलगी अक्षरांच्या किंवा पुस्तकांच्या कामात वर्षानुवर्षे सुखाने राहील. इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांच्या स्वभावचाचण्यांवर आमचा भरवसा नाही. मूल कशाने कंटाळते आणि कशात जेवायचे विसरते, हे त्याला कामाला बसवल्यावरच कळते.

त्यासाठी बडोद्यात एक सोय आयतीच आहे. जून-जुलैत आपल्याकडे गणेशोत्सव मंडळांची जुळवाजुळव सुरू होते. दांडियाबाजार, रावपुरा, वाडी, कुठेही राहत असाल तरी जवळचे एखादे मंडळ असतेच, आणि त्याला पावतीपुस्तक, फ्लेक्स, निमंत्रणपत्रिका, व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पोस्ट एवढे सगळे लागते. ही चार कामे म्हणजे या व्यवसायाच्या चार वेगळ्या वाटा आहेत. मुलाला चारही करू द्यावीत आणि शेजारी बसून, काही न बोलता, त्याच्याकडे पाहावे.

आधी पावतीपुस्तक. उभ्या ए-४ कागदावर एकाखाली एक तीन पावत्या बसतात; प्रत्येकीची उंची ९९ मिलिमीटर, रुंदी २१०. डावीकडे साधारण ६० मिलिमीटरची स्थळप्रत, मग छिद्रांची रेघ, मग देणगीदाराला द्यायची १५० मिलिमीटरची पावती. अगदी डावीकडचे १२ ते १५ मिलिमीटर पिना आणि बांधणी खातात, तिथे काही छापायचे नाही. नंबर छापखान्यातले यंत्र मारते, तेव्हा स्थळप्रत आणि पावती दोन्हींवर सुमारे २५ × ८ मिलिमीटरची कोरी जागा सोडायची. हाताने लिहायच्या ओळींत ८ मिलिमीटर अंतर हवे. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो. गुळगुळीत आर्ट पेपरवर बॉलपेन घसरते आणि शिक्का पुसट होतो. चुका कुठे होतात, तेही सांगतो. हौसेने मध्यभागी गणपतीचे गडद चित्र टाकले की त्यावरचे लिखाण वाचता येत नाही. ते चित्र १० टक्क्यांच्या आसपास फिके ठेवावे लागते. 'अक्षरी रुपये'ची ओळ आखूड राहते आणि 'अकरा हजार एकशे अकरा फक्त' तिच्यात मावत नाही. खजिनदाराच्या सहीची जागा छिद्रांच्या रेघेवर येते.

आता मुलाकडे पाहा. ८ मिलिमीटरच्या ओळी आखताना तो वैतागला आणि पुन्हा पुन्हा गणपतीच्या चित्राकडेच वळला, तर त्याचा ओढा चित्राकडे आहे; त्याला पॅकेजिंगच्या किंवा फॉर्मच्या कामात अडकवू नये. कोणी न सांगता त्याने नमुना छापला, स्वतः दहा पावत्या भरून पाहिल्या आणि रकमेची ओळ आखूड आहे हे शोधून काढले, तर वापरणाऱ्याच्या अडचणीचा विचार करणारा डिझायनर तुमच्या घरात आहे. सॉफ्टवेअर त्याला कोणीही शिकवील.

फ्लेक्सची परीक्षा वेगळी. तिथे बारकावा कामाचा नाही, धीट निर्णय हवा. सुखाने वाचता यावे म्हणून दर ३ मीटर अंतराला निदान २५ मिलिमीटर उंचीचे अक्षर धरतात. म्हणजे १५ मीटरवरून जाणाऱ्या स्कूटरवाल्यासाठी मुख्य ओळ साडेबारा सेंटिमीटरची हवी, आणि देवनागरीत काना-मात्रा-वेलांट्यांची जागा त्याच्या वर-खाली वेगळी. खऱ्या मापाला ७२ ते १०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) पुरते. ३०० डीपीआयची १० × ८ फुटांची फाइल इतकी जड होते की साध्या संगणकावर उघडणेही कठीण जाते. कडेचे ३-४ इंच आयलेट (दोरी ओवायची कडी) आणि दोरीसाठी मोकळे ठेवावे लागतात, नाहीतर एखाद्या देणगीदाराच्या आडनावातून दोरी जाते. ज्याला मजकुरातली तीन-चतुर्थांश नावे बारीक करून एकच ओळ मोठी ठेवायची हिंमत होते, आणि कार्यकर्त्यांना ते पटवून देता येते, त्याचा कल जाहिरातीकडे आहे. सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी जो सतरा फोटो सारख्याच आकारात बसवतो, त्याला त्या वाटेवर फार त्रास होईल.

निमंत्रणपत्रिकेत बडोद्याचे खास आव्हान आहे : एका कागदावर मराठी, गुजराती आणि इंग्रजी. देवनागरी शिरोरेषेला लटकते, गुजरातीला शिरोरेषाच नाही, इंग्रजी खालच्या रेघेवर उभी असते. तिन्हींना एकच पॉइंट (अक्षराचे माप) दिला तरी आकार सारखा दिसत नाही; तो डोळ्यानेच जुळवावा लागतो. ओळींमधले अंतर इंग्रजीला अक्षराच्या १२० टक्के चालते, देवनागरीला १४० ते १५० लागते, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मजकूर टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली आणि जोडाक्षरे फुटली, तर दोष बहुधा फाँटचा नसतो. प्रेफरन्समधल्या टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावे लागते; इनडिझाइन या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर. युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की त्याची अगम्य चिन्हे होतात. शिवाय मराठी आणि हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे आहेत. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही असतात, मात्र मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडावी लागते. गणेशोत्सवाच्या पत्रिकेवर हिंदी वळणाचा 'श' पाहून ज्या मुलीला खटकते, आणि ती तो बदलल्याशिवाय झोपत नाही, तिला अक्षरांकनाचा, म्हणजे फाँट आखण्याचा, मार्ग जरूर दाखवा. या कामात एकांत खूप आहे. देवनागरीच्या एका फाँटमध्ये जोडाक्षरे धरून कित्येक शे, कधी हजाराहून अधिक आकार काढावे लागतात. पोर्टफोलिओत दाखवायला महिनोन्‌महिने काही नसते, वाहवा उशिरा मिळते, आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. पण आपल्या भाषेसाठी इतके टिकाऊ काम दुसरे नाही. मंगल हा फाँट आखणारे प्रा. र. कृ. जोशी, मुक्त आणि बलू हे फाँट सगळ्यांसाठी खुले करणारी मुंबईची 'एक टाइप' ही संस्था, अहमदाबादची इंडियन टाइप फाउंड्री, ही सगळी आपल्या आसपासचीच नावे आहेत. घरी चाचणी हवी असेल तर न, व, क, र, ल, ह ही सहा अक्षरे प्रत्येकी १० सेंटिमीटर उंचीची, काळ्या शाईने, एकाच जाडीची वाटतील अशी काढायला सांगा. मोजपट्टीने जाडी सारखी ठेवली तर आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते. हे ज्याला स्वतःहून दिसते आणि जो पुन्हा काढायला बसतो, तो या कामाचा.

राहिल्या व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामच्या पोस्ट. एका विषयाच्या सात पोस्ट, १०८० × १०८० पिक्सेल, दोन तासांत. ज्याला वेग आवडतो, केलेले काम दुसऱ्या दिवशी विसरता येते, त्याला हे जमते. सुरुवातीला कामे याच प्रकारची मिळतात, म्हणून मुले इथेच थांबतात. चित्रे तयार करून देणाऱ्या नव्या साधनांचा पहिला घाव याच कामावर पडतो आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. या साधनांच्या चित्रांत देवनागरी अक्षरे अजून पुष्कळदा मोडकी येतात, पण तेवढ्या भरवशावर कोणी आयुष्य बेतू नये.

आता पॅकेजिंगविषयी थोडे अधिक, कारण बडोदे आणि परिसर औषधांच्या कारखान्यांचा आहे, हे काम घराजवळ मिळते, आणि करिअरच्या पानांवर त्याचे नावही नसते. औषधाचे खोके रचणाऱ्याला मोकळीक फार थोडी असते. एकच घटक असलेल्या औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन फाँट-आकार मोठे ठेवावे लागते, मग मार्केटिंगवाल्यांना ते आवडो न आवडो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधावर इशाऱ्याची लाल खूण येते. ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. दुकानातल्या बारकोडचे मूळ माप ३७.२९ × २५.९३ मिलिमीटर; ते ८० टक्क्यांपेक्षा लहान करायचे नाही आणि दोन्ही बाजूंची कोरी जागा खायची नाही. पट्ट्या लाल रंगात छापल्या तर स्कॅनरला त्या दिसत नाहीत, कारण त्याचा प्रकाशही लाल असतो. पांढऱ्यावर काळ्या सर्वांत सुरक्षित. ज्या पाळीला (दुमडून चिकटवायच्या पट्टीला) गोंद लागतो तिच्यावर वॉर्निश, म्हणजे चकाकीचा लेप, चढले तर खोके चिकटत नाही, आणि बॅच नंबरच्या जागी चढले तर कोडिंगची शाई पुसली जाते. कापण्याच्या रेघेबाहेर ३ मिलिमीटर रंग वाढवून ठेवला नाही तर कडेला पांढरी फट दिसते. बारीक अक्षरे चार रंगांच्या मिश्रणातून केली तर छपाई केसभर हलली तरी धूसर होतात, म्हणून ती एकट्या काळ्यात ठेवतात. गडद निळ्यात निळसर आणि किरमिजी शाई जवळजवळ सारख्या प्रमाणात पडली की तो जांभळा उतरतो. दोन्हींत निदान ३० टक्क्यांचा फरक राखतात. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मंद होतो, हे तर पहिल्याच छपाईत कळते.

या कामात एका दशांश चिन्हाची चूक कोणाच्या जिवावर बेतू शकते. जे मूल उत्तरपत्रिका दोनदा तपासते, नियम वाचायला कंटाळत नाही, आणि आपले नाव कुठे झळकले नाही तरी ज्याचे काही अडत नाही, त्याच्यासाठी ही उत्तम वाट आहे. चाचणी सोपी : गोळ्यांचे रिकामे खोके गोंदाच्या पाळीवरून हलकेच उघडा, सपाट करा, त्याची प्रत्येक घडी आणि पाळी मिलिमीटरमध्ये मोजून कार्डावर उतरवा, कापा आणि घडी घाला. झाकण एक मिलिमीटरने अडले तर मूल काय करते? चिडून फेकते, की पट्टी घेऊन पुन्हा मोजते?

मोबाइल ॲप आणि संकेतस्थळांच्या कामाकडे आज सर्वांचा ओढा आहे. त्याची चाचणी अशी : आजीच्या किंवा मावशीच्या हातात फोन द्या, विजेचे बिल भरायला सांगा आणि मुलाला शेजारी वही घेऊन बसवा. दहा मिनिटे त्याने मदत करायची नाही. त्या कुठे थांबल्या, काय चुकीचे दाबले, कुठे घाबरल्या एवढेच टिपायचे. बहुतेक मुले दोन मिनिटांत फोन हिसकावून घेतात. जो गप्प राहतो आणि "मावशीचं काही चुकलं नाही, बटणच दिसत नव्हतं," असे म्हणतो, तो या कामाला लागणारी सहानुभूती घेऊन आलेला आहे. मापे पुढे शिकता येतात : अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा किमान ४८ × ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरचे माप), साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १. पाच जणांना वापरायला दिले की ठळक दोष बाहेर येतात. इथे अभियंत्यांशी रोज बोलावे लागते आणि स्वतःची आवडती रचना पुराव्यासमोर टाकून द्यावी लागते. 'माझी शैली' जपणाऱ्या हट्टी चित्रकाराला हे सोसत नाही. अशा मुलाने पुस्तकांच्या चित्रांकडे वळावे. फक्त उत्पन्न अनियमित असते, हे घरच्यांनी आधीच मान्य करावे.

पुस्तकांच्या मांडणीला वाचनाची आवड आणि शुद्धलेखनाचा कान हवा. पाने १६ च्या फर्म्यांत (एका कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत) बसवावी लागतात. १६१ पाने झाली तर एका पानासाठी मजकूर आवळायचा की नवा फर्मा घ्यायचा, असले हिशेब ज्याला गोड वाटतात त्याने इकडे यावे. हलत्या चित्रांसाठी सेकंदाला १२ याप्रमाणे पाच सेकंदांची ६० चित्रे वहीच्या कोपऱ्यात काढून पाहावीत. चाळिसाव्या चित्रापर्यंत उत्साह टिकला तर पुढचे बोलू.

एक तपासणी मात्र सगळ्यांनी करावी, आणि ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणे मुलग्यांत मुलींपेक्षा बरेच जास्त आढळते, आणि पुष्कळांना ते वर्षानुवर्षे माहीतच नसते. इशिहारा तक्त्यांची चाचणी काही मिनिटांत होते. दोष निघाला म्हणून या क्षेत्राचे दार बंद होत नाही. छपाईच्या रंगशुद्धीचे आणि पॅकेजिंगच्या रंगजुळणीचे काम टाळावे. अक्षरांकन काळ्या-पांढऱ्यातच होते, पुस्तक-मांडणीही बहुतांशी तशीच, आणि ॲपच्या कामात रंग आकड्यांनी ठरवता येतात. चार वर्षे शिकून झाल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले त्या गावात आपण राहतो, आणि १९५० पासूनची ललितकला शाखा महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे. तिथे विभागाच्या नावाने गल्लत होऊ शकते : ग्राफिक आर्ट्स विभागात लिथो, एचिंग, वुडकट अशी छापचित्रे शिकवतात, जाहिरात आणि डिझाइनकडे जायचे असेल तर अप्लाइड आर्ट्स पाहावे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची. तिची प्रवेशपरीक्षा दोन टप्प्यांत होते. आयआयटींच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई 'यूसीड' ही प्रवेशपरीक्षा घेते. ती बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते, पण लागोपाठ दोनच वर्षे, हे विसरू नये. तीन महिन्यांचे सॉफ्टवेअर वर्ग वाईट नाहीत. ते साधन शिकवतात. डोळा तयार करायला तीन महिने पुरत नाहीत. वर्गात नाव घालण्याआधी तिथल्या शिक्षकांना एवढेच विचारा : इथली मुले प्रत्यक्ष छापखान्यात जाऊन प्रूफ पाहतात का, आणि मराठी-गुजराती मजकूर हाताळतात का?

संपादक महाराज, आपल्याकडे एक विनंती आहे. करिअरच्या पानावर या क्षेत्राची एकच चौकट न देता दर आठवड्याला एक काम घ्या : आज पॅकेजिंग, पुढे अक्षरांकन, मग ॲप, मग पुस्तक-मांडणी. प्रत्येकात सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत माणूस प्रत्यक्ष काय करतो तेवढे छापा, आणि शेवटी घरी करायची एक चाचणी द्या. मजकूर तपासून द्यायला, आणि सुटीच्या दिवशी मुलांना छापखाना दाखवायला आम्ही तयार आहोत. मंडळांनीही यंदाचे पावतीपुस्तक बाहेर टाकण्याआधी आपल्या वाड्यातल्या, सोसायटीतल्या एखाद्या अकरावी-बारावीच्या मुलीला विचारावे. मापे वर दिली आहेत. पहिले प्रूफ आठ दिवसांत येऊ शकेल.

आपले,
मुद्रण व संकल्पन क्षेत्रातील काही वाचक,
बडोदे